आदिवासी विद्यार्थी व व्यापारविद्येचें उच्च शिक्षण

(ज्युबिली समारंभानिमित्त रत्नागिरी येथें केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं चार शब्द बोलण्याची आज्ञा चालकमंडळींनीं आम्हांस केली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहों. ज्यांनीं हें देवालय उभारलें, ज्यांनीं येथें घंटा वाजविली, दिवे लावले, मुलांना अक्षरें शिकविलीं, त्यांचें स्मरण आमच्या आधीं बोललेल्या वक्त्यांनीं यथायोग्य केलें आहे. तें पुनः सांगून आम्ही आपला वेळ घेत नाहीं. आम्हीं एक व्यवहाराचा विषय निवडला आहे. उत्सवाच्या दिवशीं पैशांची गोष्ट कशाला, असें कोणास वाटेल. परंतु ज्युबिलीची कल्पनाच मुळीं व्यवहाराशीं जोडलेली आहे. जुन्या करारांतील लेवीय नांवाच्या पुस्तकांत अशी आज्ञा आहे कीं, दर पन्नासाव्या वर्षीं विकलेली भूमि तिच्या मूळ घराण्याकडे परत जावी व जो दास झाला असेल तो मोकळा होऊन आपल्या कुळांत परत यावा. म्हणून ज्युबिली आली म्हणजे आपल्या शेजारीं भूमीवांचून कोण राहिला, याची चौकशी करणें हें त्या शब्दास धरूनच आहे.

ती चौकशी करण्यास दूर जावयास नको. खेड, चिपळूण, दापोली, मंडणगड या तालुक्यांतून कातकऱ्यांच्या लहान लहान वाड्या विखुरलेल्या आहेत. पुष्कळांच्या झोंपडीखालची जागाहि त्यांच्या नांवावर नसते. खैराचें लाकूड उकळून कात काढणें हा त्यांचा मूळ धंदा. त्यावरूनच जमातीस हें नांव पडलें. सन १८७८ च्या जंगल कायद्यानंतर राखीव रानांतील खैर तोडण्यास बंदी होत गेली व धंदा हातचा गेला. मग कोळशाच्या भट्ट्या आल्या, विटांच्या भट्ट्या आल्या. पावसाळ्यांत हात रिकामे असतां मुकादमाकडून उचल घ्यावयाची, दिवाळी झाली कीं मुलांलेंकरांसह भट्टीवर जावयाचें, आणि पाऊस तोंडावर आला म्हणजे परतावयाचें, असा पुष्कळ कुटुंबांचा वर्षाचा क्रम झाला. ढेबर आयोगानें सन १९६०-६१ मध्यें आदिवासींतहि अत्यंत मागें पडलेल्या जमातींकडे लक्ष वेधलें, व सन १९७५ पासून अशा जमातींची निराळी यादी होऊं लागली. त्या यादींत देशांतील ७५ जमाती आहेत. महाराष्ट्रांतील तीन, म्हणजे कोलाम, माडिया गोंड आणि आमचे हे कातकरी.

सन २०११ च्या शिरगणतींत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख १५ हजारांच्या घरांत भरली. तींत अनुसूचित जमातींचे लोक शेंकडा दीडाहूनहि कमी. नंदुरबार किंवा गडचिरोली येथें आदिवासींची संख्याच त्यांच्या गरजेची आठवण सरकारास करून देते. येथें तसें नाहीं. आदिवासी विकास विभागाचें जें प्रकल्प कार्यालय रत्नागिरीचें काम पाहतें तें रायगड जिल्ह्यांत पेण येथें आहे. थोडे असणें ही येथें एक निराळीच अडचण आहे.

आतां कोणी विचारील कीं, ज्या वाडींत दहावी झालेला मुलगा शोधावा लागतो, तिच्यासाठीं एम.बी.ए. सारख्या पदवीची गोष्ट काढणें म्हणजे पाया नसतां कळस बसविणें नव्हे काय? प्रश्न योग्य आहे. म्हणून व्यापारविद्येचाच आग्रह कां, हें आधीं सांगतों.

कात उकळण्याची विद्या कातकऱ्यांपाशीं होती. काताचा भाव ठरविण्याची विद्या नव्हती. आजहि चिपळूण-सावर्ड्याच्या बाजूस काताचे कारखाने आहेत. पण ज्या जमातीला काताचें नांव मिळालें तिच्या हातीं तो व्यापार राहिला नाहीं. भट्टीवर विटा थापणारे हात त्यांचे. उचल किती, फिटली किती, उरली किती, हें लिहिणारी वही दुसऱ्याची. डॉक्टर झालेला तरुण आपल्या लोकांचा ताप उतरवील, वकील झालेला त्यांचा दावा चालवील. पण वहीचें गणित ज्यास कळतें, माल कोठें, केव्हां व कोणत्या भावानें विकावा हें जो जाणतो, अशा माणसाची उणीव या दोघांनीं भरून निघत नाहीं.

ही कल्पना आमच्या मनची नव्हे. ठाणें जिल्ह्यांतील शहापूर येथें कातकरी तरुणांच्या एका मंडळीनें रानांतील गुळवेल गोळा करून विकण्यास आरंभ केला. सन २०१८ मध्यें सुरू झालेल्या वनधन योजनेचें साहाय्य त्यांना मिळालें, आणि मोठमोठ्या औषधी कंपन्यांकडून त्यांना सुमारें १ कोट ५७ लाख रुपयांच्या मालाची मागणी आली. वेल तीच, रान तेंच, तोडणारे हातहि तेच. मध्यें फक्त बाजाराशीं बोलणारीं आपलीं माणसें उभीं राहिलीं. गडचिरोलींतील मेंढा-लेखा गांवाची गोष्टहि तशीच. सन २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणें त्या गोंड गांवास आपल्या रानावर सामूहिक हक्क मिळाला, व सन २०११ मध्यें बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातीं आला. ग्रामसभा स्वतः बांबू विकूं लागली. त्या दिवसापासून तिला निविदा, बँक, कर, हिशेबतपासणी यांचें ज्ञान लागूं लागलें. कायदा हक्क देतो. पण त्या हक्काचा संसार चालविण्यास कारभारी लागतो, आणि तो आपल्यांतला असला तर बरें.

आपल्या कॅथोलिक समाजाच्या इतिहासांतहि याचा दाखला आहे. छोटा नागपुरांत मुंडा लोकांमध्यें काम करणारे जेझुइट धर्मगुरु योहान बाप्टिस्ट हॉफमन यांनीं पाहिलें कीं, सावकाराच्या कर्जापायीं आदिवासींच्या जमिनी जात आहेत. सन १९०८ च्या छोटा नागपूर कुळकायद्याच्या घडणींत त्यांचा हात होता; पण कायदा झाला म्हणजे काम संपलें, असें त्यांनीं मानलें नाहीं. दुसऱ्याच वर्षीं, सन १९०९ मध्यें, त्यांनीं तेथें सहकारी पतपेढी काढली. पहिल्या महायुद्धांत जर्मन म्हणून त्यांना सन १९१५ मध्यें हा देश सोडावा लागला. पेढी मात्र राहिली. पुढें सन १९४९ मध्यें त्याच मुलुखांतील जमशेदपूर येथें जेझुइटांनीं झेवियर कामगार-संबंध संस्था काढली, आज एक्स.एल.आर.आय. या नांवानें ती देशांतील अग्रगण्य व्यवस्थापन-विद्यालयांत गणली जाते. तेव्हां व्यापारविद्या ही धर्मग्रामाच्या कक्षेबाहेरची गोष्ट, असें म्हणण्यास जागा नाहीं.

आणि आमच्या जिल्ह्याचा दाखला तर सर्वांत मोठा. मंडणगड तालुक्यांतील आंबडवें हें डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या घराण्याचें मूळ गांव. सन १९१३ मध्यें बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनीं त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ति तीन वर्षांकरितां दिली, म्हणून ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत जाऊं शकले. तेथें ते अर्थशास्त्र शिकले, व पुढें सन १९२३ मध्यें रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. एका विद्यार्थ्यावर इतका खर्च कशाला, तेवढ्यांत शंभर मुलांना पाट्या मिळाल्या असत्या, असें महाराजांना कोणी सांगितलें असतें तर तें गणित चुकीचें नव्हतें. परंतु त्यांनीं तो खर्च केला नसता तर काय हरवलें असतें, याचा हिशेब कोणत्या वहींत मांडावा? याच हकीकतींत दुसरीहि एक गोष्ट आहे. शिष्यवृत्तीच्या करारांत दहा वर्षें बडोदें सरकारची नोकरी करण्याची अट होती. ती पाळण्यासाठीं ते सन १९१७ मध्यें बडोद्यास गेले. पण जातीमुळें त्यांना शहरांत राहावयास जागा मिळेना, व थोड्याच दिवसांत ते परतले. फी देणारा भेटला, विद्या मिळाली, अधिकाराची जागाहि मिळाली, आणि गोष्ट अडली ती बिऱ्हाडापाशीं. हें आपण लक्षांत ठेवूं; कारण आजहि पुष्कळांची गोष्ट बिऱ्हाडापाशींच अडते.

आतां सरकार काय देतें तें पाहूं. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ति अनुसूचित जातींसाठीं सन १९४४ पासून व जमातींसाठीं सन १९४८-४९ पासून आहे. कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आंत असल्यास ती मिळते, व जमातींच्या बाबतींत तिचा शेंकडा ७५ भार केंद्र आणि २५ भार राज्य उचलतें. सन २००६ च्या कायद्यानें केंद्राच्या विद्यालयांत जमातींसाठीं शेंकडा साडेसात जागा राखल्या गेल्या. त्यांत अहमदाबाद, कलकत्ता, नागपूर, मुंबई येथील भारतीय व्यवस्थापन संस्थाहि येतात. राज्याच्या विद्यालयांत शेंकडा सात जागा आहेत. निवडक उच्च संस्थांत प्रवेश मिळविणाऱ्या जमातींच्या विद्यार्थ्यांसाठीं सन २००७-०८ पासून केंद्राची निराळी शिष्यवृत्ति आहे; तिची उत्पन्नमर्यादा सहा लाख, व तींत फीबरोबर निर्वाह, पुस्तकें आणि संगणक यांचाहि विचार आहे. परदेशीं शिकण्यासाठीं केंद्र दरवर्षीं २० जमातीय विद्यार्थ्यांना साहाय्य देतें, व त्यांतील तीन जागा अत्यंत मागासलेल्या जमातींसाठीं, म्हणजे कातकऱ्यांसारख्यांसाठीं, आहेत. ज्यांना सरकारी वसतिगृहांत जागा मिळत नाहीं त्यांच्यासाठीं राज्यानें सन २०१६ मध्यें स्वयम् योजना काढली. आरंभीं मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षास ६०,००० रुपये, इतर महानगरपालिकांच्या शहरांत ५१,००० व जिल्ह्याच्या ठिकाणीं ४३,००० असा तिचा दर होता. आपल्या श्रोत्यांपैकीं कोणास शंका असल्यास हेंहि सांगतों कीं, अनुसूचित जमातींचा हक्क धर्मावर अवलंबून नाहीं. आदिवासी ख्रिस्ती झाला तरी तो आदिवासीच राहतो.

इतकें सर्व आहे, मग आपल्या निधीची गरज कोठें? बंधुभगिनींनो, गरज आहे ती दोन पायऱ्यांमधल्या फटींत. ती फट कशी असते तें क्रमानें सांगतों.

पहिली अडचण कागदाची. जमातीचा दाखला पुरत नाहीं. सन २००० च्या कायद्याप्रमाणें त्याची पडताळणी व्हावी लागते, व कोंकण विभागाची समिति ठाण्यास बसते. आजा-पणजा कोठला, याचा शोध ६ सप्टेंबर १९५० या तारखेपर्यंत मागें जातो. ज्या घरांत आजोबा शाळेंत गेले नाहींत, वडील भट्टीवर जन्मले, तेथें दाखलापुस्तकांतील नोंद कोठून आणावी? तलाठ्याकडे, शाळेंत, पेणला, ठाण्यास अशा फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीस गाडीभाडें लागतें आणि एक दिवसाची मजुरी बुडते. प्रवेशाची तारीख मात्र कोणासाठीं थांबत नाहीं.

दुसरी अडचण वेळेची. शिष्यवृत्ति मंजूर होते व पैसे मागाहून बँकेंत येतात. परंतु प्रवेश राखून ठेवण्याची पहिली रक्कम, वसतिगृहाची अनामत, खाणावळीचा पहिला महिना, हें सर्व ठराविक दिवसांत रोख द्यावें लागतें. शिक्षणशुल्क माफ झालें म्हणून खाणावळवाला थांबत नाहीं. जो मुलगा पांच लाखांच्या फीला पात्र ठरला तो पंचवीस हजारांच्या अनामतीसाठीं घरीं बसूं शकतो.

तिसरी अडचण कर्जाची. अहमदाबादच्या संस्थेंत दोन वर्षांची फी पंचवीस लाखांच्या आसपास गेली आहे. विद्यापीठाच्या व सरकारी संस्थांत ती पुष्कळ कमी आहे. तरी उरलेला भाग कर्जानेंच भरावा लागतो. राष्ट्रीय अनुसूचित जमाती वित्त महामंडळ, जें सन २००१ मध्यें स्थापन झालें, शिक्षणासाठीं सवलतीच्या व्याजानें कर्ज देतें. आणि सन २०२४ च्या नोव्हेंबरांत मंजूर झालेल्या प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजनेनें निवडक संस्थांच्या विद्यार्थ्यांना तारण व जामीन यांवांचून कर्ज मिळण्याची सोय केली. सोय चांगली आहे. पण ज्या कुटुंबानें पिढ्यान्‌पिढ्या उचल घेऊन उचल फेडली, त्याला लाखांचें कर्ज म्हणजे काय वाटत असेल, याचा विचार करा. त्याच्या अनुभवांत कर्ज म्हणजे माणूस गहाण पडणें. तेथें योजनेचा कागद पुरत नाहीं. समोर बसून हप्ता, व्याज, सवलत, नोकरी लागेपर्यंतची मुदत, हें मराठींत समजावून सांगणारा विश्वासू माणूस हवा.

चौथी अडचण तयारीची. कांहीं प्रवेशपरीक्षांची अर्ज-फी जमातींना निम्मी आहे. पण परीक्षेचा अभ्यास, इंग्रजींत द्यावयाची मुलाखत, ती देण्यास शहरांत जाणें, नीटनेटका पोषाख, या गोष्टींना वर सांगितलेल्या योजनांत रकाना नाहीं.

अमेरिकेंतील मूळ रहिवासी जमातींनींहि हें ओळखलें. तेथें सन १९६९ मध्यें पदवीनंतरच्या शिक्षणासाठीं आदिवासींची स्वतःची निराळी संस्था निघाली, व ती आज नेटिव्ह फॉरवर्ड या नांवानें चालू आहे. वरच्या पायरीवर चढणारा मुलगा सर्वांत एकटा असतो व त्याच्यासाठीं निराळा हात लागतो, हें त्यांनीं पन्नास वर्षांपूर्वींच जाणलें.

आतां आक्षेपांचा विचार करूं. पहिला आक्षेप असा कीं, एका मुलास एम.बी.ए. करण्यापेक्षां तीस मुलांना वह्या द्याव्या. आमचें म्हणणें एवढेंच कीं, तीस मुलांच्या पेटींतून एक पैसाहि काढूं नये. ही पेटी निराळी असावी, व तिच्यांतून जाणारा मोठा भाग उसना जावा, म्हणजे शिष्यवृत्ति आली कीं तो परत येऊन दुसऱ्याच्या उपयोगी पडेल. वह्यांचा पैसा खर्च होतो, आणि व्हावाच. हा पैसा फिरत राहतो.

दुसरा आक्षेप असा कीं, शिकलेला मुलगा मुंबईस जाईल व वाडीकडे पाहणार नाहीं. तेव्हां त्याच्याकडून परत येण्याचा करार लिहून घ्यावा. आम्ही रत्नागिरीचे लोक हें बोलतों याचें आम्हांस नवल वाटतें. आपल्या कोंकणचा संसार किती पिढ्या चाकरमान्यांच्या मनिऑर्डरीवर चालला! गिरणींत गेलेल्या, आगबोटीवर गेलेल्या मुलाकडून कोणीं करार लिहून घेतला होता? गणपतीस, शिमग्यास, नाताळास तो आपण होऊन घरीं आला. कातकऱ्याच्या मुलास मात्र बांधून घ्यावयाचें हा कोणता न्याय? अटीची नोकरी कोठें अडते तें बडोद्याच्या हकीकतींत आपण पाहिलेंच. उचलीच्या बंधनांतून सुटणाऱ्याला आपण नवी उचल देऊं नये.

तिसरा आक्षेप पायाचा, जो आरंभीं सांगितला. तो खरा आहे, आणि म्हणूनच हा निधि एम.बी.ए. च्या दारांत बसून राहूं नये. बी.कॉम.चें पहिलें वर्ष, हिशेबनिसाची परीक्षा, संगणकावरील जमाखर्च, येथून त्यानें हात द्यावा. या जिल्ह्यांतील पहिला कातकरी एम.बी.ए. व्हावयाचा तर तो आधीं कोठल्यातरी तालुक्याच्या कॉलेजांत वाणिज्य शाखेच्या बांकावर बसलेला असला पाहिजे. त्या बांकावरून तो उठून जाऊं नये, हेंच प्रथमचें काम.

यास्तव आमची सूचना अशी. ज्युबिलीच्या वर्गणींतून जो शिल्लक भाग राहील त्यांतून एक लहानसा फिरता निधि धर्मग्रामानें काढावा. जिल्ह्यांतील कोणत्याहि जमातीच्या मुलामुलींना, त्यांचा धर्म न विचारतां, तो खुला असावा. मदतीच्या मोबदल्यांत कोणास देवालयाचा उंबरठा चढावयास लावूं नये. अनामत व पहिला हप्ता बिनव्याजी उसना द्यावा. शिष्यवृत्ति जमा झाली कीं तो परत घ्यावा. प्रवास, अर्ज, पुस्तकें, पोषाख यांसाठींची लहान रक्कम देणगी समजावी व ती परत मागूं नये. समजा, निधींत पांच लाख रुपये आहेत व प्रत्येकास पन्नास हजार उसने दिले. तर एका वर्षीं दहाजण उभे राहतात, व पैसे परत आले कीं पुढल्या वर्षीं आणखी दहा. कांहीं रक्कम बुडेलहि. ती बुडाली म्हणून निधि मोडूं नये. प्रतिवर्षीं थोडी भर घालावी. हिशेब दरवर्षीं सर्वांसमोर वाचून दाखवावा, आणि व्यवस्थापक मंडळांत निदान दोन जागा आदिवासी समाजाच्या माणसांना असाव्या; नाहींतर वही पुनः दुसऱ्याचीच राहिली असें होईल.

पैशापेक्षां दुर्मिळ अशी दुसरी एक वर्गणी आहे. तीहि आम्ही मागतों. आपल्यांत बँकेंतून निवृत्त झालेले आहेत, कचेरींत आयुष्य घालविलेले आहेत, शिक्षक आहेत, मुंबई-पुण्यास बिऱ्हाड असलेले आहेत. कोणीं पेण व ठाण्याच्या फेरींत मुलाबरोबर जावें. कोणीं अर्ज तपासून द्यावा. कोणीं आठवड्यांतून एक संध्याकाळ इंग्रजी बोलण्याचा सराव घ्यावा. कोणीं मुलाखतीच्या आदल्या रात्रीं आपल्या घरीं त्यास जेवूं घालून झोंपावयास जागा द्यावी. या शेवटच्या गोष्टीला एक पैसा लागत नाहीं, आणि तीच गोष्ट सन १९१७ मध्यें बडोद्यांत एका विद्वानाला मिळाली नव्हती.

ज्युबिलीच्या आज्ञेप्रमाणें जमीन परत करणें आपल्या हातीं नाहीं. ती सत्ता सरकारची व न्यायालयांची. आपल्या हातीं आहे तें एवढेंच, कीं ज्याचा धंदा गेला त्याच्या नातवाला वही वाचावयास व लिहावयास बसवावें, आणि तो बसला असतां अनामतीच्या अभावीं त्यास कोणीं उठवूं नये. ही सूचना धर्मग्राम सभेपुढें रीतसर यावी, तिच्यावर मोकळेपणानें वाद व्हावा, व पुढील जून महिन्याच्या प्रवेशांपूर्वीं तिचा निकाल लागावा, अशी आमची विनंति आहे. निधीच्या पेटींत पहिली वर्गणी टाकण्याचा मान आपण आम्हांस द्याल, तर आम्ही उपकृत होऊं.